हरल्याच्या दुसऱ्या दिवशी

आपल्या चळवळीत दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो, 'विजय आपलाच आहे, कुणाचा बाप अडवू शकत नाही.' दुसरा म्हणतो, 'काय होत नाय रे, हे असंच चालायचं.' पहिला सभेत भेटतो. दुसरा सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर. पहिल्याला आपण आशावादी म्हणतो, दुसऱ्याला निराशावादी. मला विचाराल तर हे दोघं सख्खे भाऊ आहेत. पुष्कळदा तर तो एकच माणूस असतो. निकालाच्या आदल्या रात्री एक बोलतो, निकालाच्या दुसऱ्या सकाळी दुसरं.

दोघांचं बोलणं नीट ऐका. दोघांनीही निकाल आधीच लावून टाकलाय. जिंकणं ठरलेलं असेल तर उन्हात मतदारयाद्या घेऊन फिरायचं कशाला? आणि हरणंच ठरलेलं असेल तरी कशाला? म्हणजे दोघांच्याही हिशोबात कार्यकर्ता नावाच्या माणसाला काही कामच उरत नाही. एक त्याला टाळ्या वाजवायला बसवतो, दुसरा घरी झोपायला पाठवतो.

म्हणून प्रश्न असा मांडतो. चळवळ मार खाते, मोर्चा फुटतो, उमेदवार पडतो, आपलीच माणसं फुटून जातात. अशा वेळी आशा धरायची ती कशाच्या जोरावर? आणि त्याहून अवघड : ज्याचं घर जळालं त्याला 'आशा सोडू नकोस' असं सांगायचा हक्क कुणाला?

आपल्या आज्या-पणज्यांना शिकवलं होतं की तुमचं सगळं लिहिलेलं आहे. कपाळावर लिहिलंय, मागच्या जन्मात लिहिलंय, पोथीत लिहिलंय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी हे लिहिलेलं पुसून टाकलं. देव गेले, नशीब गेलं. पण एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. नशीब गेलं ते दोन्ही बाजूंनी गेलं. 'आमची हार ठरलेली' हे जसं खोटं, तसंच 'आमचा विजय ठरलेला' हेही खोटं. इतिहास आपल्या बाजूने आहे असं छातीठोक सांगणारे खूप. इतिहास कुणाच्या बाजूने बसून नसतो, दोस्तांनो. बुद्धाने सांगितलं ते एवढंच की कारण असलं तर कार्य घडतं. कारण घडवा, कारण मोडा. बाकी सगळी भविष्यं पोपटवाल्याकडे ठेवा.

कुणी म्हणेल, मग आशा गेली ना? विजयाची खात्री नसेल तर माणूस लढेल कशाला? मी म्हणतो, खात्री आणि आशा या वेगळ्या गोष्टी आहेत. खात्री असलेल्याला आशेची गरजच पडत नाही. आशा लागते ती खात्री नसलेल्याला.

महाड घ्या. २० मार्च १९२७ म्हटलं की आपल्या पोरांची छाती फुगते. फुगायलाच पाहिजे. पण त्या दिवशी पाणी पिऊन झाल्यावर काय झालं? परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी ते शेण-गोमूत्र टाकून 'शुद्ध' करून घेतलं. माणूस प्यायला की बाटतं आणि शेणाने शुद्ध होतं, असं ते पाणी. पुढे ४ ऑगस्टला महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली स्वतःच केलेला, तळं सगळ्यांना खुलं करणारा ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा हजारो माणसं सत्याग्रहाला जमली, तर समोर कोर्टाचा मनाई हुकूम. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला. गावातून भाकरी बांधून, वेळ पडली तर मरायचं ठरवून आलेला माणूस पाण्याला हात न लावता परत गेला.

त्या माणसाचा विचार करा. घरी जाऊन बायकोला त्याने काय सांगितलं असेल? 'झालं का तुमचं तळं?' असं गावातल्या पाटलाने खवचटपणे विचारलं असेल तर काय उत्तर दिलं असेल?

मग दावा चालला. खालच्या कोर्टातून वर, वरून आणखी वर. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. अस्पृश्यांना पाणी भरू न देण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे तळ्यावर हक्क सांगणाऱ्यांना शाबित करता आलं नाही. पाणी प्यायच्या दिवसापासून मोजलं तर दहा वर्षांना तीन दिवस कमी. 'तारीख' या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक जयंतीची तारीख, एक कोर्टाची तारीख. पहिल्या तारखेला आपण सगळे असतो, निळे झेंडे, ढोलताशे घेऊन. दुसऱ्या तारखेला वकील असतो, कागदांची पिशवी धरलेला एखादा माणूस असतो आणि बसभाडं कुठून आणायचं हा प्रश्न असतो. चवदार तळ्याचं पाणी या दोन्ही तारखांनी मिळून मोकळं केलं. पण गाणी आपण एकाच तारखेची रचली.

आता निवडणुकीकडे या, कारण हल्ली निराशा सगळ्यात जास्त तिथूनच येते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून पडले. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, देशाचा माजी कायदेमंत्री, आणि निवडून आले काँग्रेसचे काजरोळकर. देशभरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे लोकसभेत दोनच खासदार गेले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली, तिथेही बाबासाहेब पडले. आपल्यातला टपरीवरचा माणूस तेव्हा असता तर म्हणाला असता, 'संपलं. बाबासाहेबच पडतात, तिथं आपण कोण?'

पण त्या पराभवानंतरची बाबासाहेबांची वर्षं बघा. १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा, १९५६ ला धम्मदीक्षा, आणि शरीर साथ देत नसताना रात्र-रात्र लिहिलेला बुद्धावरचा ग्रंथ. मतपेटीने एक दार लावलं तेव्हा ते दारापुढे रडत बसले नाहीत आणि दार नाहीच असंही म्हणाले नाहीत. दुसऱ्या भिंतीला हात घातला.

आणि कार्यकर्ते? ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर जो समुदाय रडला त्याच्या डोळ्यांतलं पाणी वाळलंही नसेल, तोच १९५७ ची निवडणूक आली. दोनदा हरलेले, बाप गेलेले हे लोक पुन्हा दारोदार फिरले. नाशकातून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. इथे खरं तेच सांगायचं. त्यात संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचा मोठा वाटा होता, समितीशी युती होती. आणि १९६२ ला ती लाट ओसरल्यावर, रिपब्लिकन पक्षात तोवर फूट पडलेली असताना, महाराष्ट्रातून आपला एकही खासदार लोकसभेत गेला नाही. शून्य. हा शून्य लपवून जो आशा शिकवतो तो गोळ्या विकतो.

पण शून्यावर थांबून जो निराशा शिकवतो तोही अर्धंच सांगतो. कारण त्याच शून्यानंतर दोन वर्षांनी, ६ डिसेंबर १९६४ पासून, दादासाहेबांच्या मागे भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला. लाखो माणसं तुरुंगात गेली. कडेवरची पोरं घेऊन बाया गेल्या. एका खासदाराइतकी मतं ज्यांना जमवता आली नाहीत त्यांनी सरकारला तुरुंग अपुरे पाडले. मग सांगा, १९६२ ला आपण हरलो म्हणजे नेमकं काय हरलो? जागा हरलो. माणूस हरलो नव्हतो. या दोन गोष्टी एकाच वहीत, एकाच रकान्यात लिहू नका.

मी सूतगिरणीत काम करतो. साच्यावर धागा तुटतो. रोज तुटतो, पाळीत कितीदा तुटतो त्याला गणती नाही. पण धागा तुटला म्हणून कुणी साच्यापुढे बसून हाय खात नाही. आणि 'आज एकही धागा तुटणार नाही' अशी घोषणाही कुणी देत नाही. तुटणार हे धरूनच तिथे सांधणारा माणूस उभा केलेला असतो. दुसरी गोष्ट पाळीची. गिरणी चोवीस तास चालते, पण एक माणूस चोवीस तास उभा राहत नाही. त्याची पाळी संपली की दुसरा येतो. आपल्या चळवळीत मात्र एकाच पोराला तिन्ही पाळ्या करायला लावतात. तोच पोस्टर लावतो, तोच वर्गणी मागतो, तोच मार खातो, घरी बापाच्या शिव्याही तोच खातो. मग एक दिवस तो यायचा बंद होतो, की आपण म्हणतो, 'गद्दार निघाला', 'विकला गेला'. विकले गेलेलेही असतात, नाही असं नाही. पण दमलेल्याला विकलेला म्हणणं हा अन्याय आहे. दमलेल्या माणसाला निराश ठरवण्याआधी त्याला बदली कामगार दिला होता का, ते विचारा.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येतो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. ठराव कागदावर झाला आणि आगी मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांना लागल्या. नाव पाहिजे होतं औरंगाबादच्या विद्यापीठाला. घरं जळाली ती ज्यांच्या सात पिढ्यांनी विद्यापीठाची पायरी पाहिली नव्हती त्यांची. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळ्यांना मारून टाकलं. ते काही पुढारी नव्हते. ठराव त्यांनी लिहिला नव्हता. भाषणं त्यांनी केली नव्हती.

त्यानंतर साडेपंधरा वर्षं. १९७९ ला नागपुरातून, दीक्षाभूमीवरून, जोगेंद्र कवाड्यांचा लाँग मार्च निघाला. मोर्चे, लाठ्या, अटका, आश्वासनं, पुन्हा मोर्चे. मुख्यमंत्री किती आले, किती गेले. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं. गंमत बघा, १९७८ ला ठराव झाला तेव्हा आणि १९९४ ला नाव मिळालं तेव्हा मुख्यमंत्री एकच, शरद पवार. म्हणजे खुर्चीवरचा माणूस बदलला म्हणून नाव मिळालं असं कुणी सांगू नये. खुर्चीच्या बाहेर जे उभे होते ते हलले नाहीत, म्हणून मिळालं.

पण मिळालं काय? मागितलं होतं नामांतर, मिळाला नामविस्तार. 'मराठवाडा' तसंच ठेवून पुढे बाबासाहेबांचं नाव. आणि त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. म्हणजे पोचीराम कांबळे ज्या जिल्ह्यात मेले तो जिल्हाच त्या नावाच्या विद्यापीठातून बाहेर गेला. टेंभुर्णीचं पोर आज आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकलं तर त्याच्या पदवीवर ते नाव येत नाही, ज्यासाठी त्याच्या गावात खून पडला.

याला विजय म्हणायचं की हार? मी दोन्ही लिहितो. कमानीवर नाव आलं, ते आलं. ते पुसायची हिंमत आता कुणात नाही. पण किंमत कुणी मोजली आणि माल कुणाला मिळाला, हेही त्याच पानावर लिहितो. हिशोब अर्धा लिहिणारी आशा उद्या पोराच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही.

याच लढ्यात नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यांच्या नावापुढे मान लवते. पण पोरांनो, स्पष्ट बोलतो. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाव मिळालं म्हणून त्या आगीनेच ते मिळालं, असा हिशोब मांडू नका. साडेपंधरा वर्षं हजारो माणसं उभी होती, म्हणून मिळालं. आपल्या माणसाला जाळायला या देशात काडीची कमी कधीच नव्हती. आपण ती काडी स्वतःला लावायची नाही. जी चळवळ तुमच्या जळण्यावर वाढणार असेल तिला तुम्हीच जाब विचारा. आपल्याला फोटोतला नको, मोर्चातला माणूस पाहिजे. मनात तसलं काही येत असेल तर रात्री-अपरात्री कुणाही दोस्ताचं दार वाजवा. दार उघडणं हेसुद्धा चळवळीचंच काम आहे.

प्रत्येक हत्याकांडानंतर, प्रत्येक पराभवानंतर स्टेजवरून एक वाक्य हमखास येतं : 'हे बलिदान वाया जाणार नाही.' टाळ्या पडतात. मी या वाक्यावर खूप विचार केला. हे वाक्य म्हणजे बातमी नाही. वाया जाणार नाही, हे कुणाला माहीत? जाऊही शकतं. किती गेली! वाया गेलेल्यांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत. हे वाक्य म्हणजे कर्ज आहे. बोलणाऱ्याने त्या क्षणी मेलेल्या माणसाकडून उसनं घेतलेलं असतं. टाळ्या त्याला आज मिळाल्या, फेड उद्यापासून सुरू. जो फेडतो त्याची आशा खरी. जो पुढच्या सभेत तेच वाक्य पुन्हा बोलतो आणि मधल्या काळात त्या गावात एकदाही जात नाही, तो सावकारापेक्षा वाईट. सावकार निदान स्वतःचे पैसे लावतो.

म्हणून 'आशा सोडू नकोस' असं सांगायचा हक्क मला वाटतं फक्त त्याला आहे, जो नुकसानीत वाटेकरी व्हायला तयार आहे. ज्याचं घर जळालं त्याला उपदेश करू नका. त्याला रडू द्या, शिव्या देऊ द्या, पाहिजे तर चळवळीलाही शिव्या देऊ द्या. त्याचा तो हक्क आहे. आशा बाळगणं ही त्याची जबाबदारी नाही, ती आपली आहे. त्याच्यासमोर आपली आशा दिसली पाहिजे ती शब्दांत नाही. पंचनाम्याला कोण हजर राहिलं, अॅट्रॉसिटीचं कलम लागलं की नाही हे ठाण्यात जाऊन कुणी बघितलं, साक्षीदाराला गावातून कोर्टापर्यंत आणि कोर्टातून घरापर्यंत कोण घेऊन गेलं, त्यात दिसली पाहिजे. १९८९ चा कायदा आपल्या हातात आहे. पण साक्षीदार फुटला की केस पडते. आणि साक्षीदार फुटतो तो नुसत्या पैशाने नाही. एकटा पडला की फुटतो. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी, पेपरातली बातमी विसरली गेल्यावर, त्याच्या शेजारी कोर्टाच्या बाकड्यावर बसलेला एक माणूस म्हणजे आशा. याहून मोठी व्याख्या माझ्याकडे नाही.

आणि निवडणूक हरल्यावर? दुसऱ्या दिवशी कुठल्या वस्तीत, कुठल्या केंद्रावर किती मतं पडली ते मांडा. 'यंत्रणेने हरवलं, पैशाने हरवलं' हे खरं असेल तर ते पुराव्यानिशी मांडा. आणि आपल्याच वस्तीत आपल्याला मतं का कमी पडली, हेही मांडा. शेजारच्या वस्तीतल्या मातंगाकडे, भटक्याकडे, मुसलमानाकडे आपण निवडणुकीआधी महिनाभर गेलो की पाच वर्षं जात होतो, हे विचारा. हे विचारणं म्हणजे निराशा पसरवणं नाही. आकड्याला घाबरणारी आशा ही आशा नसते, ती नशा असते. उतरल्यावर डोकंच दुखणार.

धम्मात वीर्य ही एक पारमिता आहे. हाती घेतलेलं काम जीव लावून करणं, मधेच पाठ न फिरवणं. तिच्यात विजयाची हमी कुठेच दिलेली नाही. आणि अनित्य हा विचार तर दोन्हीकडून कापतो. सत्ता त्यांची आहे, ती कायमची नाही. आपल्याला मिळालंय तेही कायमचं नाही. महाडच्या नगरपालिकेने तीन वर्षांत ठराव फिरवला, हे विसरू नका. मिळालेलं राखायलासुद्धा पाळी लागते.

कुणी विचारेल, तू एवढं लिहितोस, तुला स्वतःला वाटतं का की समता येईल? माझं उत्तर ऐकून कदाचित टाळ्या पडणार नाहीत. मला माहीत नाही. माझ्या हयातीत येईल असं मी कुणाला वचन देत नाही. पण दहा वर्षं कागदांची पिशवी सांभाळणारी माणसं होती हे मला माहीत आहे. बाप गेल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा दारं वाजवणारी माणसं होती हे माहीत आहे. त्यांनाही निकाल माहीत नव्हता. तरी ती गेली.

आपल्या भागात जी कुठली केस चालू आहे तिची पुढची तारीख कधी आहे, ते आधी विचारून घ्या. जयंतीच्या मीटिंगमध्ये हा विषय पहिला घ्या, वर्गणीच्या आधी. आणि कोर्टात कोण कोण जाणार, त्यांची नावं वहीत लिहून ठेवा. दोन तरी पाहिजेत.

जय भीम.